वेल्डिंग करणाऱ्यांनो, आर्क पेटवण्याआधी एवढे करा

पेणहून अलिबागकडे येताना वडखळ ओलांडले की रस्त्याच्या कडेला ग्रिल, गेट आणि शेड बनवणारे गाळे दिसू लागतात. डोलवीचा पोलाद कारखाना, थळचा खत कारखाना, नागोठणे, रोहा-धाटाव, तळोजा, महाड, उरण, यांपैकी कुठेही दुरुस्तीसाठी शटडाउन निघाला की ठेकेदार वेल्डर आणि हेल्पर शोधू लागतो. रेवस-करंजाकडे पावसाळ्याच्या बंदीत बोटी दुरुस्तीला लागल्या की तिथल्या लोखंडी आणि स्टेनलेस स्टीलच्या कामाला हाच माणूस लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, हजारो घरांची छपरे गेली, आणि नंतर अनेक घरांवर लोखंडी पाइपचे सांगाडे व पत्रे चढले. तेही वेल्डिंगनेच.

आपल्या वस्त्यांतली अनेक मुले या कामात आहेत. कोणी आयटीआय करून आले आहेत, पण कितीतरी जण मामाच्या किंवा मित्राच्या हाताखाली शिकलेले आहेत. हात चांगला बसतो, पण सुरक्षेचे कोणी शिकवलेले नसते.

नर्स म्हणून रात्रपाळी करताना डोळे घट्ट मिटून, कोणाचा तरी हात धरून येणारी ही मुले मी पुष्कळ पाहिली. "सिस्टर, काम करताना तर काहीच झालं नव्हतं," असेच ती सांगत. या कामाचा खरा धोका नेमका इथे आहे. उडणारी ठिणगी दिसते, तिला आपण घाबरतो. पण डोळा भाजल्याचे सहा तासांनी कळते, धुराचा ताप रात्री येतो, आर्गन वायूला रंग नाही आणि वासही नाही, आणि विजेचा धक्का बसेपर्यंत तार साधीच दिसते. त्यामुळे "काही वाटलं तर थांबू" हा हिशोब इथे चालत नाही. काळजी आर्क पेटवण्याआधीच घ्यावी लागते, आणि ती वेल्डर व हेल्पर दोघांसाठी घ्यावी लागते.

स्टिक आणि टिग यांतला फरक

स्टिक म्हणजे आपले नेहमीचे रॉडचे वेल्डिंग. रॉडवरचा लेप जळून धूर होतो आणि तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. वर स्लॅगचा थर राहतो, तो ठोकून काढावा लागतो. टिगमध्ये टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई असते, ती वितळत नाही. धातूला वाचवण्याचे काम सिलिंडरमधून येणारा आर्गन वायू करतो. टिगला धूर कमी होतो म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण त्याचा आर्क उघडा आणि प्रखर असतो, आणि आर्गनचा स्वतःचा वेगळा धोका आहे.

आजकाल एकाच छोट्या इन्व्हर्टर मशीनवर दोन्ही कामे होतात. खांद्याला अडकवून नेता येते, म्हणून ते ओल्या धक्क्यावर, बोटीत, छपरावर, कुठेही जाते. किनाऱ्यावर काळजी जास्त घ्यायची ती याचसाठी.

वीज कशी घ्यायची

मशीन जमिनीवर नको, लाकडी फळीवर किंवा कोरड्या स्टुलावर ठेवा. चारही बाजूंना हातभर जागा मोकळी सोडा, म्हणजे पंख्याला हवा मिळेल. ग्राइंडरच्या ठिणग्या मशीनकडे उडता कामा नयेत. लोखंडाची भुकटी आत ओढली जाते, तिला खारी हवा मिळाली की आतल्या पट्ट्यांवर गंज धरतो आणि शॉर्ट होतो.

मशीनच्या पाटीवर ते किती अँपिअर ओढते हे लिहिलेले असते. ते वाचा आणि तेवढ्या क्षमतेचे सॉकेट, वायर आणि एमसीबी वापरा. घरातल्या साध्या बोर्डात उघड्या तारा खुपसून वर काडी ठोकायची, ही पद्धत बंद करा. वायर लांब घेतली असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. लाइनवर गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. तो एका माणसाच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीत बसतो.

दोन अर्थिंग, दोन वेगळी कामे

आपल्याकडे जॉबला लावायच्या क्लॅम्पला सगळे 'अर्थिंग' म्हणतात. त्यामुळे मोठा घोटाळा होतो. क्लॅम्प लावला म्हणजे अर्थिंग झाले, असे मुलांना वाटते. तसे नाही.

क्लॅम्प हा वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेतो. त्याच्याशिवाय आर्कच पेटणार नाही. खरे अर्थिंग म्हणजे मशीनच्या पत्र्याच्या खोक्यापासून तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीत जाणारी हिरवी वायर. मशीनच्या आत वायर सुटून खोक्याला लागली, तर हीच वायर माणसाला वाचवते. ती कापून दोन पिनांवर मशीन चालवले तरी काम तसेच होते, म्हणून तिची कोणाला आठवण राहत नाही.

क्लॅम्प जोडायच्या जागेजवळ, रंग व गंज घासून, थेट जॉबवर लावा. दूर कुठल्या सळीला, शेडच्या खांबाला किंवा बोटीच्या शाफ्टला लावला, तर करंट मधल्या साखळीतून, वायररोपमधून किंवा बेअरिंगमधून वाट काढतो. साखळी तापून कमजोर होते, आणि तिच्याखाली कोणीतरी उभे असते.

घामाने भिजलेला हात

रॉड पेटलेला नसताना होल्डर आणि जॉब यांच्यामध्ये साधारण ५० ते ९० व्होल्ट असतात. कोरडी कातडी आणि कोरडे हातमोजे असतील तर हा दाब सहसा अंगातून जात नाही. पण मे महिन्यातला घाम, पावसाळ्यातली ओल किंवा खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे असले की कातडीचा अडसर संपतो आणि एवढा दाबही हृदय थांबवू शकतो. एसी मशीनवर हा धोका अधिक असतो.

म्हणून कोरडे चामड्याचे हातमोजे दोन जोड ठेवा, एक भिजला की दुसरा. रॉड बदलताना मोजा काढू नका. होल्डर काखेत धरू नका, केबल खांद्याभोवती किंवा कमरेभोवती गुंडाळू नका. होल्डरचे फायबर फुटले असेल तर टेप मारून चालवू नका, नवा घ्या. पाय जमिनीला लागू नयेत म्हणून खाली कोरडी फळी किंवा रबराची चटई असावी. चपलेवर वेल्डिंग नको, बंद बूट हवेत. पावसात उघड्यावर काम करायचेच नाही, ठेकेदार कितीही घाई करो.

करंट किती, काच कोणती

गाळ्यात ज्याला १२ नंबरचा रॉड म्हणतात, त्या २.५ मि.मी. रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. १० नंबरच्या म्हणजे ३.१५ मि.मी. रॉडला ९० ते १३०. नक्की आकडा पाकिटावर छापलेला असतो, त्यावरून सुरुवात करा. करंट जास्त झाला की ठिणग्या आणि धूर दोन्ही वाढतात. रॉड कोरड्या डब्यात ठेवा. ओलसर रॉड तडतडतो आणि जोड सच्छिद्र होतो.

टिगला लोखंड आणि स्टेनलेससाठी टॉर्च डीसीच्या ऋण टोकाला जोडतात. उलटे जोडले तर टंगस्टन लगेच वितळते. ॲल्युमिनियमला एसी लागतो.

डोळ्यांसाठी काचेवर नंबर असतो. या करंटला स्टिकसाठी १० किंवा ११, टिगसाठी करंटप्रमाणे १० ते १२ नंबरची काच हवी. बाजारातला काळा गॉगल चालत नाही. त्यातून उजेड कमी वाटतो, पण चेहरा, गळा आणि डोळ्याच्या बाजू उघड्याच राहतात. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेटच वापरा. आपोआप काळे होणारे हेल्मेट असेल तर रोज सकाळी एकदा तपासा, बॅटरी उतरलेली असू शकते. स्लॅग ठोकताना आणि ग्राइंडिंग करताना आत पारदर्शक चष्मा हवाच.

आता हेल्परबद्दल. एका गाळ्यात दोन माणसे आणि एक हेल्मेट, हे चित्र सगळीकडे आहे. जॉब धरणारा पोरगा मान वळवतो किंवा डोळे मिटतो. मान वळवल्याने भिंतीवरून परतणारे किरण चुकत नाहीत, आणि मिटल्या पापणीची नाजूक कातडीही भाजते. आर्कच्या सगळ्यात जवळ असतो तो हेल्पर, आणि त्याचाच पगार कमी, त्यालाच साधन नाही. दुसरे हेल्मेट आणल्याशिवाय काम सुरू करू नका. रस्त्यालगत काम असेल तर ताडपत्रीचा आडोसा लावा. शाळेतून येणारी मुले तो उजेड बघत उभी राहतात.

आर्गन: वास नसलेला वायू

आर्गन विषारी नाही. तो फक्त हवेची जागा घेतो. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. तो कमी झाला तर माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, तो सरळ कोसळतो. शुद्ध आर्गनचे एक-दोन श्वासही बेशुद्ध करायला पुरेसे आहेत. शिवाय आर्गन हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, टाकीत, बोटीच्या मासळीच्या कप्प्यात तळाला साठून राहतो.

साधा हिशोब करा. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू भरलेला असतो. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर खोल कप्पा म्हणजे तेवढेच ७ घनमीटर. जेवायला जाताना टॉर्च आत टाकून गेलात आणि व्हॉल्व्ह थोडा गळत राहिला, तर परत उतरणाऱ्यासाठी तो कप्पा रिकामा नसतो.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आर्गनचे कवच विस्कटते आणि जोड काळा पडतो. मग मुले चारी बाजूंनी ताडपत्री बांधून घेतात. वारा अडतो, पण आर्गन आणि आर्कमुळे तयार होणारा ओझोन आत कोंडतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला लावा, दुसरी बाजू खालपर्यंत मोकळी ठेवा. वायूचा प्रवाह मिनिटाला ६ ते १० लिटर पुरतो. जास्त सोडल्याने जोड सुधारत नाही.

सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला आणि नेहमी कप्प्याच्या बाहेर असावा. रंगावर न जाता त्यावरचे नाव वाचा. व्हॉल्व्ह हळू उघडा आणि रेग्युलेटरच्या समोर उभे राहू नका. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती बघा. काम थांबले की व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बंद करा. नेताना टोपी घातलेली असावी.

बंद जागेत उतरण्याआधी पंख्याने तळापर्यंत हवा खेळवा, प्राणवायू मोजणारे यंत्र मागा, आणि वर एक माणूस कायम उभा ठेवा. आत शुद्ध ऑक्सिजन कधीही सोडू नका. कपडे पेट घेतील. आतला माणूस पडला तर वरच्याने उडी मारायची नाही. दोरीने ओढा, हवा सोडा, मदत बोलवा. गटारात उतरलेल्या एका भावाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हे दुःख आपल्या समाजाने फार वेळा सोसले आहे. टाकीत आणि बोटीच्या कप्प्यातही मरण त्याच वाटेने येते.

टंगस्टनबद्दल एक सूचना. लाल टोकाच्या सुईत थोरियम असते आणि ते सौम्य किरणोत्सारी आहे. घासताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ नये. करड्या किंवा निळ्या टोकाची सुई घ्या, काम तेवढेच चांगले होते. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी आर्क चालू असताना जवळ थांबू नये.

धूर आणि रात्रीचा ताप

जी.आय. पाइप किंवा पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो. हा धूर घेतलेल्याला काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. लोक मलेरिया समजतात. सहसा एक-दोन दिवसांत तो उतरतो, पण कामावर गेल्यावर पुन्हा येतो. जोडायच्या जागेचा लेप आधी दोन्ही बाजूंनी घासून काढा. त्या भुकटीसाठीही मास्क लावा.

स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असते, साध्या रॉडच्या धुरात मँगनीज. पहिल्याने दमा आणि फुप्फुसाचा कर्करोग, दुसऱ्याने वर्षानुवर्षांनी मेंदू व हालचालींवर परिणाम होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. तंबाखू आणि विडीही त्याच गटात आहेत. दोन्ही एकत्र झाले की धोका वाढतो.

गूळ किंवा दूध घेतल्याने धूर धुतला जातो, असा समज आहे. दूध जरूर प्या, पण ते पोटात जाते, फुप्फुसात नाही. तोंडाला बांधलेला रुमालही हे बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे डोके धुराच्या वर नेऊ नका, बाजूने काम करा आणि पंखा बाजूने लावा.

ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला जॉब पूर्ण वाळल्याशिवाय आणि ते द्रावण दूर नेल्याशिवाय आर्क पेटवू नका. आर्कच्या किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

आग

दहा-अकरा मीटरच्या आत जाळी, थर्माकोलचे डबे, दोर, डिझेल, रंग काही नको. हलवता येत नसेल तर पत्र्याने झाका. डिझेलचे रिकामे पिंप किंवा टाकी कधीही थेट वेल्ड करू नका. रिकाम्यातली वाफच फुटते. वाळूची आणि पाण्याची बादली जवळ ठेवा, मात्र वीज चालू असताना पाणी मारू नका. काम संपल्यावर किमान अर्धा तास जागा सोडू नका. कपडे सुती घाला. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

तरीही झालेच तर

डोळ्यात वाळू गेल्यासारखे झाले, पाणी येऊ लागले, उजेड सहन होईना, तर आर्कने डोळा भाजला आहे. अंधाऱ्या खोलीत पडा, स्वच्छ ओल्या फडक्याचा थंडावा द्या, डोळे चोळू नका, दुखण्यासाठी पॅरासिटामोल घ्या. बटाट्याचा रस, मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध काहीही घालू नका. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा टाकू नका, त्याने बुबुळाला जखम होते. सहसा एक-दोन दिवसांत बरे वाटते. चोवीस तासांत उतार पडला नाही, अंधुक दिसले किंवा एकाच डोळ्यात टोचत असेल, तर कण रुतलेला असू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा.

भाजले तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद नको.

शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. श्वास नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. शुद्धीवर आला, चालू लागला, तरी त्या दिवशी दवाखान्यात ईसीजी काढून घ्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर "धुराचा आहे" म्हणून सोडू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

साधने मागणे हा हक्क आहे

कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ३५ ने डोळ्यांच्या संरक्षणाची आणि कलम ३६ ने बंद जागेतल्या घातक वायूपासून संरक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली. कंत्राटी कामगार म्हणून ती कमी होत नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय कार्ड मागा, त्यावर उपचार आणि कामावरच्या अपघाताचा लाभ मिळतो. कार्ड नसलेल्यालाही कायद्याने भरपाई मागण्याची वाट आहे. अपघात झाला की त्याच दिवशी लेखी नोंद करा, दवाखान्याच्या कागदावर "कामावर असताना" हे शब्द लिहून घ्या. तेवढ्या दोन शब्दांवाचून पुढे दावे अडकतात.

ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयटीआयमधला वेल्डर हा एक वर्षाचा कोर्स आहे, आठवी पास चालते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात वेल्डर आहे त्यांनी हे पान त्याच्या डब्यासोबत द्यावे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास काढून मुलांना एकत्र वाचायला लावले तर अधिक चांगले. आणि ताई-आईंनो, पोरगा पहिल्या दिवशी कामावर निघाला की मजुरी किती मिळणार हे विचाराल, तसेच हेही विचारा: तिथे हेल्मेट किती आहेत, आणि त्यातले तुझे कोणते?